कोण कुणाकडे बघतंय? : व्हिन्सेंट नामाजिराची व्यक्तिचित्रं



आडनावापासूनच सुरुवात करतो, कारण तिथेच सगळे अडखळतात. इंग्रजी स्पेलिंगमध्ये मधेच एक 'टी' घुसलेला आहे, त्यामुळे आपण 'नामातजिरा' वगैरे काहीतरी म्हणतो. उच्चार साधारण 'नामाजिरा' असा करायचा. ऑस्ट्रेलियात हे आडनाव शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं, पण ते ज्यांच्यामुळे ठाऊक असतं ते गृहस्थ वेगळे. त्यांच्याकडे येतोच.

आता पडद्यावर जे चित्र आहे ते तुमच्यापैकी निम्म्या लोकांनी फोनवर पाहिलेलं असणार. गुलाबी चेहरा, गळ्याखाली वळ्या, ओठांचे कोपरे खाली ओढलेले. या जीना राइनहार्ट. ऑस्ट्रेलियातल्या सर्वांत श्रीमंत बाई, लोहखनिजाच्या खाणींच्या मालकीण. मे २०२४ मध्ये बातमी आली, की कॅनबेऱ्याच्या नॅशनल गॅलरीत लागलेलं हे चित्र काढून टाका अशी मागणी बाईंनी केली आहे. गॅलरीनं काढलं नाही. मग व्हायचं तेच झालं. एरवी जे चित्र कॅनबेऱ्याला जाणाऱ्या काही हजार लोकांनी बघितलं असतं, ते जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आलं. (हशा)

हसायला हरकत नाही. पण या प्रकरणानं एक नुकसान केलं, आणि माझं आजचं बोलणं त्या नुकसानाबद्दलच आहे. लोकांनी एक चित्र पाहिलं. मूळ काम एकवीस चित्रांचं आहे. 'ऑस्ट्रेलिया इन कलर' हे त्याचं नाव, २०२१ सालचं. त्या एकवीस चेहऱ्यांत राणी एलिझाबेथ आहे, माजी पंतप्रधान स्कॉट मॉरिसन आहेत, आदिवासींच्या जमिनीच्या हक्कासाठी लढलेले व्हिन्सेंट लिंगियारी आहेत, गिटारवाला जिमी हेंड्रिक्सही आहे. ही सगळी चित्रं एकत्र बघितली की लक्षात येतं, बाईंना वेगळी वागणूक मिळालेलीच नाही. राणीचंही तोंड तसंच वाकडं, मॉरिसनचंही. ज्यांच्याबद्दल चित्रकाराला उघडउघड आदर आहे त्या लिंगियारींनाही देखणं करण्याचा प्रयत्न नाही. ब्रश एकच आहे. एकवीसमधलं एक उचलून बाजूला ठेवलं तर ते अर्कचित्र वाटतं. एकवीसच्या रांगेत ते एका देशातला एक चेहरा होऊन बसतं.

म्हणून 'अर्कचित्र' हा शब्द मला इथे पुरेसा वाटत नाही. आपल्याकडे अर्कचित्रांची मोठी परंपरा आहे, तेव्हा फरक आपल्याला सहज कळावा. अर्कचित्रकार नाक पकडतो, चष्मा पकडतो, टोपी पकडतो. एक खूण पकडायची आणि ती वाढवायची. त्यासाठी रेषा फार तयार लागते. नामाजिराची रेषा तशी सफाईची नाहीच. तो पातळ-जाड अ‍ॅक्रिलिक लिननवर ओढत नेतो, गालाचा उजेड आणि सावली जवळजवळ ढेकळासारखी शेजारीशेजारी ठेवतो, दोन डोळे एका पातळीवर येतील याची फिकीर करत नाही. तरी माणूस ओळखू येतो. हे कसं होतं? माझा अंदाज सांगतो. तो चेहरा आरशातून काढत नाही, तो टीव्हीच्या आठवणीतून काढतो. सत्तेतली माणसं मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात कधी फिरकत नाहीत. त्यांचे चेहरे तिथे पडद्यावरून आणि फोटोंमधून पोचतात. आपणही आपले मंत्री तसेच ओळखतो ना? बोलता बोलता थांबलेला चेहरा, अर्धवट मिटलेला डोळा. छायाचित्रकार जे फोटो फेकून देतो, तसे क्षण हा ठेवून घेतो.

आता मागे जाऊ या. पणजोबांकडे.

अल्बर्ट नामाजिरा. जन्म १९०२, हर्मान्सबर्गच्या लुथरन मिशनमध्ये. पश्चिम अरांडा जमातीचे. १९३० च्या दशकात रेक्स बॅटर्बी नावाचा गोरा चित्रकार तिथे निसर्गचित्रं रंगवायला यायचा. त्याला उंटांसह वाट दाखवायचं काम अल्बर्टनी केलं आणि बदल्यात जलरंग शिकून घेतले. १९३८ साली मेलबर्नमध्ये पहिलं प्रदर्शन झालं. पुढे त्यांची भुताच्या बोटांसारखी पांढरी निलगिरीची झाडं आणि जांभळे डोंगर ऑस्ट्रेलियातल्या मध्यमवर्गीय घरांच्या भिंतींवर छापील प्रतींच्या रूपात जाऊन बसले. आपल्याकडे एके काळी कॅलेंडरवरची चित्रं जशी घराघरांत होती, तसंच.

टीकाकारांचं म्हणणं मात्र काय होतं? की हा माणूस हुशार आहे, पण नक्कल करतो. युरोपियन जलरंग शिकला आणि तसंच काढतो. म्हणजे बघा, गोऱ्यासारखं काढलं तर नक्कल, आणि नाही काढलं तर अडाणी. आणखी एक गोष्ट त्या वेळी फार थोड्यांच्या लक्षात आली. अल्बर्ट जे डोंगर रंगवत होते ते त्यांच्या दृष्टीनं 'सुंदर देखावा' नव्हतेच. त्या डोंगरांशी त्यांच्या जमातीच्या पूर्वजांच्या कथा जोडलेल्या आहेत. बघणाऱ्याला ते नुसतं निसर्गचित्र वाटायचं. काढणाऱ्यासाठी ते घराचं चित्र होतं.

मानसन्मान खूप मिळाले. १९५३ मध्ये राणीच्या राज्यारोहणाचं पदक, १९५४ मध्ये कॅनबेऱ्यात प्रत्यक्ष राणीची भेट. पण याच माणसानं गुरं चारायला जमिनीचा पट्टा मागितला तर तो नाकारला गेला. अ‍ॅलिस स्प्रिंग्ज गावात घर बांधायचं म्हटलं तर तेही नाकारलं. कारण कायद्यानं तो नागरिकच नव्हता, सरकारच्या पालकत्वाखाली होता. १९५७ साली त्यांना आणि पत्नी रुबिना यांना नागरिकत्व दिलं गेलं. त्यांना दिलं, नातेवाइकांना नाही. नागरिक झाल्यामुळे ते दारू विकत घेऊ शकत होते, नातेवाइकांना देऊ शकत नव्हते. आता, ज्या समाजात आपल्याजवळ जे आहे ते नात्यात वाटायचं हा धर्मच आहे, तिथे हा कायदा म्हणजे सापळा झाला. १९५८ मध्ये खटला भरला. सहा महिन्यांची शिक्षा झाली, अपिलात ती तीन महिन्यांवर आली. त्यातले दोन महिने त्यांनी पापुन्या इथे काढले. ऑगस्ट १९५९ मध्ये ते गेले. वय सत्तावन्न.

पापुन्या हे नाव लक्षात ठेवा. १९७१ साली त्याच ठिकाणी ठिपक्यांच्या चित्रांची ती चळवळ सुरू झाली, जिच्यामुळे आज 'ऑस्ट्रेलियन आदिवासी कला' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ठिपकेच येतात. इतिहास कधी कधी एकाच वस्तीवर दोनदा येऊन बसतो.

आणखी एक तपशील, कारण त्याशिवाय पणतवाचा राग आणि त्याचं हसू दोन्ही कळणार नाही. अल्बर्ट यांच्या चित्रांचे हक्क. त्यांच्यामागे मालमत्तेची व्यवस्था सरकारी विश्वस्ताकडे होती. त्या कार्यालयानं १९८३ साली सगळे प्रताधिकार एका प्रकाशन कंपनीला विकले. किती रुपयांना, म्हणजे डॉलरना? साडेआठ हजार. कुटुंबाला विचारलं नाही. ते हक्क नामाजिरा वारसा ट्रस्टकडे परत यायला २०१७ साल उजाडलं. चौतीस वर्षं त्या डोंगरांची चित्रं छापली गेली तर त्यातला पैसा डोंगराखाली राहणाऱ्यांकडे येत नव्हता.

आणि व्हिन्सेंटचा जन्म कधीचा? १९८३.

त्याचं स्वतःचं आयुष्य थोडक्यात सांगतो, कारण अशा आयुष्यांचं भांडवल करायची समीक्षकांना वाईट खोड असते. आई लहानपणी गेली. त्याला पर्थ शहरात दत्तकासारख्या परक्या घरांमध्ये वाढवलं गेलं. घरापासून हजारो किलोमीटर दूर, भाषा तुटली, माणसं तुटली. अठराव्या वर्षी तो हर्मान्सबर्गला परतला आणि तेव्हा त्याला कळलं की आपल्या आडनावाचा माणूस म्हणजे कोण होता. तिथे त्याच्या नात्यातली आयलीन मातीच्या भांड्यांवर चित्रं रंगवायची, ते तो बघत बसायचा. पुढे दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला इंडुल्काना नावाच्या छोट्या वस्तीत तो स्थिरावला. पत्नी नताशा तिथली. तिथल्या इवांजा कलाकेंद्रात २०११ च्या सुमारास त्यानं रंगवायला सुरुवात केली. आणि कशापासून? ठिपक्यांपासून! ज्याची अपेक्षा होती तेच. थोड्याच काळात त्यानं ठिपके सोडले आणि माणसांचे चेहरे धरले. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतला सर्वांत धाडसी निर्णय हाच आहे. आदिवासी चित्रकारानं काय विकावं हे बाजारानं ठरवून ठेवलेलं असताना यानं पंतप्रधान काढले.

२०१६ च्या तीन मालिका बघू. पहिली, त्याच्या हयातीतले सात पंतप्रधान. दुसरी, त्याच्या भागातले सात ज्येष्ठ आदिवासी नेते. तिसरी, देशातली सात सर्वांत श्रीमंत माणसं. सत्ता, अधिकार आणि पैसा, प्रत्येकी सात खुर्च्या. युक्ती साधी आहे, पण बघा काय होतं. पंतप्रधान आणि वाळवंटातले म्हातारे यांच्यात कॅनव्हासवर फरक राहत नाही. उलट म्हाताऱ्यांचे चेहरे जास्त भरीव उतरलेत, कारण ती माणसं त्यानं समोर बघितलेली आहेत. श्रीमंतांची मालिका मला तीनपैकी सर्वांत अशक्त वाटते. तिथे माणसाबद्दल चित्रकाराला सांगायला पैशापलीकडे काही नाही, आणि ते कळायला एक चेहरा पुरला असता.

ही माझी त्याच्याबद्दलची मुख्य तक्रारही आहे, ती आत्ताच सांगून टाकतो. रांग लावली की काम भागतं, ही सवय त्याला लागली आहे. गेल्या काही वर्षांत राजघराण्यातली माणसं वाळवंटात उभी करण्याची कल्पनाही त्यानं बरीच ताणली. पहिल्या चार-पाच चित्रांत जो धक्का होता तो नंतर ओळखीचा होतो. आणि मोठ्या संस्थांना असा ओळखीचा धक्का फार आवडतो, हेही खरं. सरकारी गॅलऱ्या असं चित्र भिंतीवर लावून स्वतःलाच थोडं माफ करून घेतात. हा दोष चित्रकाराचा म्हणावा का? पूर्ण नाही. पण थोडा तरी.

तो सर्वांत चांगला कधी असतो, तर स्वतः चित्रात शिरतो तेव्हा. २०१८ चं हे चित्र बघा, राणी एलिझाबेथ आणि व्हिन्सेंट. दोघं शेजारीशेजारी, त्याच्या मुलखात. मागचा भूभाग बघितला की पणजोबांची आठवण येतेच. राणी अगदी राणीच्या थाटात आहे. हा शेजारी असा उभा आहे, जसा एखादा यजमान पाहुण्याबरोबर फोटो काढायला उभा राहतो. या चित्रात राग शोधणाऱ्याला राग सापडेल, पण आधी दिसते ती खोडी. १९५४ मध्ये पणजोबा राणीला भेटायला कॅनबेऱ्याला गेले होते. इथे राणी आली आहे. 'ये, बस, ही जमीन आमची' असं म्हणायला घोषणा द्यावी लागलेली नाही. कुणी उभं कुठे राहायचं एवढंच बदललंय.

आता २०२० कडे येऊ. आर्चिबाल्ड पुरस्कार म्हणजे ऑस्ट्रेलियातला व्यक्तिचित्रांचा सर्वांत मोठा मान. तिथे त्याची चर्चा क्रिकेटच्या सामन्यासारखी होते, लोक पैजा लावतात. १९२१ पासून हा पुरस्कार दिला जातो. त्याच्या नव्व्याण्णवाव्या वर्षी, सप्टेंबर २०२० मध्ये, तो पहिल्यांदा एका आदिवासी चित्रकाराला मिळाला. व्हिन्सेंटला. करोनाचे दिवस होते, त्यामुळे तो सिडनीत नव्हता, इंडुल्कानातूनच व्हिडिओवर दिसला.

चित्राचं नाव, मराठीत सांगायचं तर, 'जो आहेस त्याच्यासाठी ताठ उभा राहा'. त्यात दोघं आहेत. व्हिन्सेंट आणि अ‍ॅडम गुड्स. हे गुड्स कोण, ते इथे सांगावं लागेल, कारण ऑस्ट्रेलियन फुटबॉल आपल्यापर्यंत पोचत नाही. सिडनी स्वान्स संघाचा अव्वल खेळाडू, आदिवासी. मे २०१३ मध्ये एका सामन्यात प्रेक्षकांतल्या एका लहान मुलीनं त्याला 'माकड' म्हटलं. त्यानं बोट दाखवून ते अधिकाऱ्यांच्या लक्षात आणून दिलं. आणि मुलीला दोष देऊ नका, ती लहान आहे, असंही दुसऱ्या दिवशी सांगितलं. पण त्यानंतर मैदानामैदानांवर त्याच्या पायाशी चेंडू आला की हुर्यो सुरू झाली. २०१४ साली त्याला देशाचा वर्षातला मानकरी नागरिक निवडलं, तरी हुर्यो थांबली नाही. २०१५ मध्ये त्यानं खेळणं सोडलं, आणि निरोपाची मैदानफेरीही घेतली नाही.

तुम्हाला वाटेल हे फार दूरचं आहे. जानेवारी २०२१ आठवा. सिडनीची कसोटी, आपला मोहम्मद सिराज सीमारेषेवरून चालत पंचांकडे आला, प्रेक्षक वर्णावरून शिव्या देताहेत म्हणून. कर्णधार अजिंक्य रहाणे त्याच्या शेजारी उभा होता. खेळ थांबला, काही प्रेक्षकांना बाहेर काढलं. ते मैदान म्हणजे गुड्सच्या सिडनी स्वान्सचं घरचं मैदान. चित्राला आर्चिबाल्ड मिळून तेव्हा चार महिनेही झाले नव्हते.

तर गुड्सवरचा माहितीपट बघून व्हिन्सेंटला स्वतःचं बालपण आठवलं, आणि त्यानं त्याच्याशी संपर्क साधला. चित्रात दोघांनी हात हातात घेतले आहेत. मागे आदिवासी झेंड्याचे रंग. चित्र सुमारे दीड मीटर उंच, दोन मीटर रुंद. मी ते छापील पुस्तकात आणि पडद्यावर पाहिलंय, मूळ पाहिलेलं नाही, त्यामुळे रंगाच्या पोताबद्दल जास्त बोलत नाही. पण मांडणीबद्दल बोलता येतं. इथे चेहरे वाकडे आहेत का? आहेत. तोच ब्रश, तेच ढेकळासारखे गाल. तरी या दोघांना कुणी अर्कचित्र म्हणत नाही. का? कारण ते हात. सगळं चित्र त्या पकडलेल्या हातांवर उभं आहे. प्रसिद्ध माणसाला चित्रकारासमोर 'बसवायचं' ही व्यक्तिचित्रांची जुनी पद्धत, ती इथे मोडली आहे. कुणी कुणासमोर बसलेलं नाही. दोघं उभे आहेत. पंतप्रधानांच्या आणि श्रीमंतांच्या रांगांमध्ये जे हातून निसटत होतं ते इथे सापडलं.

त्याच वर्षी, त्याच गॅलरीत, निसर्गचित्रासाठीचा विन पुरस्कार ह्युबर्ट पॅरेरुल्चा आणि मर्व्हिन रुबुंजा या दोघांना मिळाला. दोघेही अल्बर्ट यांच्या जलरंगाच्या परंपरेतले. म्हणजे चेहऱ्यासाठी पणतू आणि डोंगरासाठी पणजोबांची शाळा, दोन्ही एकाच समारंभात. वर्तमानपत्रांनी पहिल्या बातमीला जेवढी जागा दिली तेवढी दुसरीला दिली नाही. मला विचाराल तर दुसरी बातमीही तेवढीच मोठी होती. ज्याला एके काळी नक्कल म्हणून हिणवलं, ती शाळा ऐंशी वर्षांनंतर जिवंत होती.

आणि आता ती जोडी, जिच्यासाठी मी हे व्याख्यान खरं म्हणजे घ्यायचं ठरवलं. नामाजिरा हे नाव आर्चिबाल्डच्या विजेत्या चित्राशी २०२० मध्ये पहिल्यांदा जोडलं गेलं नाही. १९५६ सालचं विजेतं चित्र विल्यम डार्गी यांचं. विषय, अल्बर्ट नामाजिरा. आपलंच एक निसर्गचित्र हातात धरून बसलेला, गंभीर, थोडा थकलेला माणूस. चित्र उत्तम आहे. डार्गी हा कसबी चित्रकार, आदरानं काढलंय, कातडीचा रंग किती जिव्हाळ्यानं बघितलाय ते बघा. त्यात खोट काढायला जागा नाही. पण तो आदर ज्याला मिळाला त्याला त्या वर्षी मतदानाचा हक्क नव्हता, आणि दोन वर्षांत तो आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला. सुंदर काढलेल्या चेहऱ्यानं त्याचं काहीच वाचवलं नाही. पणतवानं देखणेपणावर विश्वास का ठेवावा?

राइनहार्टबाईंची तक्रार या बाजूनं ऐकली तर वेगळी ऐकू येते. त्यांच्या खाणी पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या पिलबारा भागात. ती जमीन कुणाची होती आणि खाणींनी तिचं काय झालं, याबद्दल तिथल्या जमातींना कुणी आगाऊ विचारलं असेल अशी कल्पना करून बघा. ज्यांच्याकडे आजवर फक्त बघितलं गेलं, त्यातला एक जण उलटा बघायला लागला. तो काय बघतो ते आवडलंच पाहिजे असं त्याचंही म्हणणं नाही. वाद झाला तेव्हा त्यानं शांतपणे एवढंच सांगितलं, की मी जग जसं दिसतं तसं रंगवतो, आवडलं नाही तरी चालेल, पण बघणाऱ्यानं थोडा वेळ विचार करावा.

शेवटचं चित्र. खरं तर चित्र म्हणावं की पुतळा, हा प्रश्नच आहे. 'क्लोज कॉन्टॅक्ट', २०१८. याला पुढच्या वर्षी रॅमसे पुरस्कार मिळाला, एक लाख डॉलरचा. माणसाच्या उंचीची प्लायवूडची कापलेली आकृती, खोलीच्या मधोमध उभी. एका बाजूला १७७० मध्ये या किनाऱ्यावर उतरलेला कॅप्टन जेम्स कुक, गणवेशात. दुसऱ्या बाजूला व्हिन्सेंट स्वतः. लाकूड एकच, बाह्यरेषा एकच. कुकचा काठ जिथे संपतो तिथेच व्हिन्सेंटचा सुरू होतो. एका जागी उभं राहून दोघं दिसत नाहीत, कुठेही उभे राहा, एक जण कायम पाठीमागे असतो. फोटोत तर हे कळतच नाही, मी दोन फोटो जोडून दाखवतोय. समोर असतो तर तुम्हाला चालत पलीकडे जावं लागलं असतं.

दिवे लावा जरा. प्रश्न असतील तर घेऊ.